साहेबांच्या हॉलची फरशी

निवडणूक जाहीर झाली त्या आठवड्यात पाणसळ मिस्त्रीने साहेबांच्या हॉटेलात सातवी खेप घातली. आधीच्या सहा खेपा एकट्याने घातल्या होत्या. या वेळी सुनेला बरोबर घेतलं, कारण कागद धड वाचता येणारी घरात ती एकटीच. आणि सुनेच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी, कारण अंगावर पिणारं पोर ठेवणार कुणाकडे?

पाणसळ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. काचेच्या नळीतला बुडबुडा बघून गवंडी ज्याने सपाटी तपासतात, ती पाणसळ हा माणूस नेहमी खिशात बाळगायचा आणि कधी बाहेर काढायचा नाही. जमिनीला गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "त्या खांबापाशी दोन सूत चढ आहे." कुणी हट्टाने पाणसळ लावून बघितलीच तर चढ दोन सूतच, म्हणजे पाव इंचच निघायचा. मोझॅकची फरशी ओतायची आणि घासून आरशासारखी करायची, हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. मुलगा घासायचं मशीन चालवायचा. सून कोपरे घासायची. मशीनचं तोंड गोल, ते कोपऱ्यात शिरत नाही. तिथे हातात दगड धरून, उकिडवं बसून माणसालाच घासावं लागतं.

हॉल ऐंशी फूट लांब आणि चाळीस रुंद. काळ्या-पांढऱ्या संगमरवरी चिपा, मधून पितळी पट्ट्या. काम संपून अकरा महिने झाले होते. पहिले दोन हप्ते बोलल्या दिवशी मिळाले, आणि हे पाणसळ सगळ्यांना आवर्जून सांगायचा. शेवटचे सव्वाचार लाख मात्र आजचे उद्यावर, उद्याचे परवावर चालले होते. मशीन कर्ज काढून घेतलेलं. पाणी मारणाऱ्या मावशीची आणि माल कालवणाऱ्या दोघा भावांची निम्मी मजुरी द्यायची राहिलेली.

"बसा," मॅनेजर म्हणाला. "साहेब प्रचाराच्या दौऱ्यावर आहेत, पण फोन यायचाय त्यांचा."

हॉलच्या कडेला तीन खुर्च्या होत्या. फोन काही येईना. तासाभराने मुलगी कुरकुरायला लागली तशी सुनेने तिला खाली सोडलं. पोर एवढे दिवस घरच्या खडबडीत जमिनीवर पोटावर पडून नुसते हातपाय मारायची. इथे तिने तळवे टेकले, गार लागलं तशी दचकली, मग ढुंगण वर करून एकदम दोन पावलं रांगली. सून बघतच राहिली. हेच कोपरे तिने घासले तेव्हा ही पोर पोटात होती. वाकलं की पोट मांडीला लागायचं आणि आतून लाथ बसायची. मावशी म्हणायची, "तुझं पोर जन्माला येईल ते दगड हातात घेऊनच." आता ते पोर त्याच फरशीत स्वतःचं तोंड बघून हसत होतं.

"मामंजी, बघितलंत का?" तिने विचारलं.

मामंजींचं लक्ष भलतीकडे. ते उठून तिसऱ्या खांबापाशी गेले होते आणि गुडघे टेकून बसले होते. ती जवळ गेली. पितळी पट्टीच्या कडेने फरशीला भेग पडली होती. केसाएवढी बारीक, पण मेण उडून तिच्यात मळ भरला होता.

"जड काहीतरी ओढलंय कुणी," ती म्हणाली. "सभेचं स्टेज असणार."

"ओढलंय खरं." त्यांनी भेगेत नख घातलं. "पण खालचं नीट वाळलं असतं तर ओढल्याने फरशी तडकली नसती. उद्घाटन आठ दिवस अलीकडे आलं, आठवतं? इथलं खालचं ओलं होतं. मला माहीत होतं आणि मी वरून ओतली."

"हळू बोला, मामंजी."

"हळूच बोलतोय की."

फोन आला नाही. मॅनेजरने पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. परत येताना रस्ताभर मामंजी नखात अडकलेला भेगेतला मळ न्याहाळत होते. सुनेला तेव्हाच कळलं, हे आता काय करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छिन्नी, हातोडी आणि उरलेल्या चिपांची पिशवी घेऊन निघाले. प्रत्येक कामातल्या मूठभर चिपा ते पिशवीत बांधून ठेवत, वरून कामाची खूण म्हणून चिंधी. मुलगा दारातच आडवा आला.

"ज्याने पैसे बुडवले त्याच्याकडे फुकट कामाला निघालात?"

"त्याच्याकडे नाही. फरशीकडे."

"बाबा, लोक हसतील."

"भेग बघून हसण्यापेक्षा बरं."

मुलगा बायकोकडे वळला. "अगं, तू तरी सांग."

तिने सांगितलं नाही. मुलीला कमरेला बांधलं आणि सासऱ्यामागे गेली. म्हाताऱ्याचे गुडघे कसे झालेत ते तिला ठाऊक होतं. बसता यायचं, पण उठताना खांब लागायचा.

भेग कापून रुंद करायला एक दिवस लागला, चिपा जुळवून भरायला दुसरा. पाच दिवस त्यावर ओलं पोतं. मग तिने दगड घेतला. आधी खरखरीत, मग मध्यम, मग गुळगुळीत. घासताना निघणारा पांढरा रगडा बोटांच्या चिरांतून शिरायचा आणि झोंबायचा. मुलीचा गाल तिला तळहाताने कुरवाळता यायचा नाही, पोर रडायची. ती हात उलटा करून बोटांच्या पाठीने कुरवाळायची. शेवटी मेण चढवलं आणि मामंजींनी गाल टेकवून बघितलं.

"कुठे होती सांग बघू," ते म्हणाले.

तिला सांगता येईना. जागा माहीत असूनही.

मॅनेजर दोनदा येऊन गेला होता. चहा पाठवला होता. काम चालू असताना मोबाइलवर फोटोही काढले होते, आणि "वा मिस्त्री, याला म्हणतात जबाबदारी" असंही म्हणाला होता. मामंजींना बरं वाटलं होतं. खरं म्हणजे सुनेलाही वाटलं होतं.

चार दिवसांनी रजिस्टर पत्र आलं. सुनेने उंबऱ्यात बसून वाचलं. आपण स्वतः दुरुस्तीस आलात, त्याची छायाचित्रे आमच्याकडे आहेत. यावरून आपले काम सदोष असल्याचे आपणांस मान्य आहे. तरीही सहानुभूतीने विचार करून सव्वाचार लाखांऐवजी अडीच लाख देण्यात येतील. सोबतच्या कागदावर सही करावी. सोबतच्या कागदात मुद्द्याची ओळ एकच होती. काम सदोष होते, हे मला मान्य असून ही रक्कम पूर्ण व अंतिम आहे.

मुलगा ओरडला नाही, तेच जास्त लागलं. तो म्हणाला, "घ्या. आणखी भरा भेगा," आणि मशीनचा पट्टा काढून तेल घालत बसला. त्या दिवसापासून त्याने बापाशी बोलणं टाकलं.

त्याच आठवड्यात एक बातमीदार बाई दारात आली. खांद्याला पिशवी, चपलेचा अंगठा तुटलेला. पाणी मागितलं, प्याली आणि म्हणाली, "साहेबांच्या पाच इमारती झाल्या वीस वर्षांत. दोन हॉटेलं, शीतगृह, दवाखाना, कॉलेज. मी त्या बांधणाऱ्यांना शोधत फिरतेय. रंगारी, सुतार, काचवाले, नळवाले. तुम्ही धरून एकेचाळीस झाले."

"सगळ्यांचे अडकलेत?" मामंजींनी विचारलं.

"अडकले नाहीत, मिटलेत. चाळीस जणांनी निम्मे-शिम्मे पैसे घेऊन सही केली. ओळ सगळ्यांची एकच. काम सदोष होते, मला मान्य आहे." तिने वही उघडली. "साहेब आता सभेत काय सांगतात माहीत आहे? म्हणतात, होय, मी पैसे कापले. काम नीट नसेल तर मी सख्ख्या भावालाही पैसे देत नाही. तुमच्या करातला पैसाही मी असाच राखीन. लोक टाळ्या वाजवतात. आणि सह्यांचे कागद आहेतच त्यांच्या हातात."

मामंजींनी पाण्याचा रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चाळीसच्या चाळीस जणांचं काम वाईट? मी त्यातल्या सुताराला ओळखतो. त्याच्या दाराच्या फटीतून कागद जायचा नाही."

"तुम्ही सही करणार?"

"विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?"

"साहेबांना," मामंजी म्हणाले. बाईने वहीतून मान वर करून बघितलं, हा माणूस चेष्टा करतोय का म्हणून. तो करत नव्हता.

आठव्या खेपेला साहेब खरंच भेटले. कचेरीत गारवा होता, टेबलावर चेक तयार होता. साहेब उठून उभे राहिले. अंगाला साबणाचा वास, हसणं मोकळं. "या मिस्त्री. गुडघे कसे आहेत?" त्यांनी विचारलं, म्हणजे गुडघ्यांचं त्यांच्या लक्षात होतं. मुलीचा गाल धरला. "आजोबांवर गेलीय." माणूस वाईट वाटत नव्हता, हीच पंचाईत होती. सुनेला वाटलं, हा आपल्याला बुडवणार नाही.

"अडीच आत्ता घेऊन जा," साहेब म्हणाले. "कोर्टात गेलात तर दहा वर्षं. तुम्ही आणि मी तोवर कुठे?"

"वाच, पोरी," मामंजी म्हणाले. सुनेने कागद मोठ्याने वाचला. वाचताना तिला अडीच लाखच दिसत होते. मशीनचे हप्ते, मावशीची मजुरी, लेकीला सर्दी झाली तर डॉक्टर. ओळ ती भरभर वाचून गेली.

"तो एक शब्द काढा, साहेब," मामंजी म्हणाले. "सदोष. तेवढा खोडा, मी अडीचवर सही करतो. वरचे सोडले."

"अहो मिस्त्री, एका शब्दाचं काय घेऊन बसलात?"

"मी कुठे बसलोय? मी काढा म्हणतोय. तुम्ही धरून बसलात."

साहेब हसले. मनापासून हसले. "बोलता छान. पण माझे सगळे कागद एका साच्यातले असतात. एकाचा बदलला की चाळीस येतील."

"मग असं लिहा. तिसऱ्या खांबापाशी भेग पडली, ती मिस्त्रीच्या घाईने. तेवढ्याचे काय ते कापा. बाकी फरशी चांगली होती."

"तुम्ही दुरुस्तीला आलात की नाही?"

"आलो."

"मग काम सदोष नव्हतं असं कसं म्हणता?"

साहेबांनी पेन पुढे केलं. मामंजींनी ते घेतलं. अंगठ्याने आधी टोपण काढलं, मग परत लावलं. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"पोरी, चारही कोपरे तू घासलेस. खांबांच्या कडा तू घासल्यास. माझं राहू दे, तुझं सांग. वाईट होतं का?"

तिला हो म्हणायचं होतं. हो म्हणून चेक घ्यायचा होता आणि बाहेर पडून मुलीला पाजायचं होतं. दूध भरून आलं होतं, पोलकं ओलं झालं होतं, आणि त्या गार खोलीत तिला त्याचीच लाज वाटत होती. पण तिने तोंड उघडलं तर शब्द आला तो वेगळाच.

"नव्हतं," ती म्हणाली. आणि मग, एकदा बोललीच म्हणून, "खांबांच्या कडांना मी चार चार वेळा दगड फिरवलाय, साहेब. हात लावून बघा."

मामंजींनी पेन टेबलावर ठेवलं. अगदी हळू ठेवलं, वाजू न देता.

चेक टेबलावरच सोडून दोघं बाहेर पडली, तर हॉलमध्ये पाहुणे आले होते. साहेब कचेरीच्या दुसऱ्या दाराने तिथे पोहोचले होते आणि हात पसरून दाखवत होते. "ही फरशी बघा. खास करवून घेतली. अशी आसपास कुठे नाही."

मामंजी खांबाआड थांबले. सुनेला भीती वाटली, हे आता काही बोलतील. पण त्यांचा चेहरा फुलला होता.

"ऐकलंस?" त्यांनी कुजबुजून विचारलं. "आवडलीय त्यांना."

घरी सांगितल्यावर मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "शब्द धुऊन पिणार आहात का?" एवढंच म्हणाला, तेही भिंतीला.

मशीन विकलं. घेणारा उपनगरातला होता. त्याने घासून भाव केला आणि मुलाने तो ऐकून घेतला. मशीन टेम्पोत चढवताना मुलाने त्याचं गोल तोंड फडक्याने पुसलं. कर्ज फिटलं, उरल्यातून मजुरी चुकती झाली. मावशीने नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या आणि म्हणाली, "मिस्त्री, साहेबाचे नाही आले तर माझे कुठून आले?"

"मशीन गेलं."

"बरं झालं. कान किटले होते." जरा वेळाने तिने त्यातल्या दोन नोटा काढल्या आणि मुलीच्या झबल्याच्या खिशात घातल्या. झबल्याला खिसा होता हे सुनेला तेव्हा कळलं.

पुढचं काम गल्लीतल्या एका छोट्या दवाखान्याच्या ओसरीचं मिळालं. मशीन नाही म्हणून सगळं हाताने. घरातली तिघं ओळीने उकिडवी बसत, पुढे सरकत, मावशी मागून पाणी मारी. जे काम मशीनला चार दिवसांचं, त्याला तीन आठवडे. मुलाच्या हाताला दगडाची सवय राहिली नव्हती, पहिल्याच दिवशी फोड आले. मामंजींनी त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या हाताला बांधलेलं फडकं सोडून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते बांधलं. मग परत दगड उचलला.

बातमीदार बाई मधल्या काळात एकदा येऊन गेली होती. मामंजींनी तिला सगळं सांगितलं: पहिले दोन हप्ते वेळेवर मिळाले हेही, ओल्यावर ओतलं हेही. ती म्हणाली, "आजोबा, ओल्याचं नका छापायला सांगू. ते तुमच्यावरच उलटेल." मामंजी म्हणाले, "ते नसेल तर माझं काहीच छापू नका. अर्धं सांगायचं तर त्यांच्या कागदात आणि माझ्यात फरक काय?"

मतदानाला आठ दिवस असताना बातमी आली. दुपारची वेळ, डबे उघडले होते. मुलगा चहा आणायला गेला होता तो चहाबरोबर वर्तमानपत्र घेऊन आला आणि बायकोच्या पुढ्यात टाकलं. तिने रगड्याचे हात धुतले, पदराला पुसले. मुलगी ओसरीच्या कोरड्या भागात खांबाला धरून उभी राहायचा खटाटोप करत होती.

आख्खं पान होतं. साहेबांच्या पाच इमारती, कुठली कधी पुरी झाली, आणि खाली मोठा तक्ता. सून एकेक ओळ वाचू लागली. रंगारी, काम सदोष, मान्य. सुतार, काम सदोष, मान्य. काचवाला, काम सदोष, मान्य. नळवाला, गच्ची करणारा, पडदे शिवणारी, सगळ्यांपुढे तेच. ऐकता ऐकता मावशीचा घास हातातच राहिला.

"पुढे," मामंजी म्हणाले.

"शेवटची ओळ आहे. फरशीवाला." तिने पान जवळ धरलं. "सही केलेली नाही."

दवाखान्याच्या आत कुणीतरी खोकत होतं.

"परत वाच," मामंजी म्हणाले.

तिच्याआधी नवऱ्याने हात पुढे केला. तिच्या हातातून वर्तमानपत्र घेतलं, तक्त्यावर फोड आलेलं बोट ठेवून खालपर्यंत आणलं आणि अक्षर लावत, एकेक शब्द तोडून वाचलं. "सही. केलेली. नाही." मग बापाकडे बघितलं. किती आठवड्यांनी बघितलं होतं कोण जाणे. "बाबा, चहा गार होतोय," तो म्हणाला.

सव्वाचार लाखांतला एक पैसाही आला नव्हता, पुढे येईल असंही दिसत नव्हतं. साहेब निवडून येणार असंच ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. मामंजींनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

"आणि भेगेचं? ते लिहिलंय ना?"

सुनेने वर्तमानपत्र उलटंपालटं करून शोधलं. "आहे. 'एका खांबापाशी हातभर भेग पडली होती आणि ती आपल्या घाईमुळे पडली, असं हे कारागीर स्वतःहून सांगतात.'"

"हातभर?"

"हातभर लिहिलंय."

मामंजींनी मान हलवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, काम नीट न जमल्यासारखी. "सव्वा हात होती," ते म्हणाले. "हातभर कशी? मी कापलीय ती. त्या बाईला कळवायला हवं."

सुनेला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, म्हणून तिने मुलीकडे तोंड केलं. आता नवरा भडकणार, असं वाटून ती थांबली.

नवऱ्याने बोटाचं फडकं सोडलं, खिशातून फोन काढला आणि बाईचा नंबर शोधू लागला.